जंतुनाशक : कोणाचा नाश, आणि कसा?

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या एका वाचकाने विचारलंय, "फरशी पुसायच्या औषधाला आपण 'जंतुनाशक' म्हणतो, गुजरातीत मात्र पिकांवर फवारतात ती जंतुनाशक दवा. बरोबर कोण? आणि या औषधाने जिवाणूची पेशीभित्तिका फुटते की पेशीपटल?"

बरोबर दोघंही. संस्कृतात जंतु म्हणजे जन्मलेला कोणताही जीव. गुजरातीत तो शब्द किड्यांवर स्थिरावला, मराठीत डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांवर. (पोटातले 'जंत' त्याच शब्दातून आले, तिथे आपणही किड्यांशीच आहोत.) बडोद्यात दोन्ही भाषा एकाच जिभेवर, त्यामुळे घोटाळा ठरलेलाच. मी एकदा बियाणं घ्यायला गेले आणि त्याच दुकानात 'जंतुनाशक दवा'ही मागितली. दुकानदाराने गंभीरपणे विचारलं, "शेमां छांटवी छे?" (कशावर फवारायची आहे?) म्हटलं, मोरीत!

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : पटल. भित्तिका ही बाहेरची ताठ भिंत. तिच्या आत स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचं पटल, जाडी जेमतेम ७-८ नॅनोमीटर. फरशीच्या अनेक औषधांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. त्याच्या रेणूच्या डोक्यावर धन विद्युतभार, पटलाच्या पृष्ठभागावर ऋण. डोकं तिथे चिकटतं आणि लांब स्निग्ध शेपटी पटलात घुसते. घट्ट बसलेले रेणू सैल होतात. आधी पोटॅशियम बाहेर येतं, मग आतला बाकीचा ऐवज. तेव्हाही भिंत उभी असू शकते. म्हणून 'फुटते' हे क्रियापदही मला जरा भडक वाटतं. तळ झिजलेला हंडा फुटत नाही, गळतो. पटल 'गळू लागतं' म्हणा.

अल्कोहोलची तऱ्हा वेगळी. ते पटल विसकटतं आणि प्रथिनांची घडीही मोडतं, पण त्याला पाण्याची जोड लागते; म्हणून शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचं सरस.

जाता जाता : बेन्झाल्कोनियमचं औषध साबणाच्या पाण्यात कालवू नका. साबणाचा भार ऋण, त्यामुळे दोघं एकमेकांनाच धरून बसतात आणि जिवाणू मोकळे.

आणि 'फरशी निर्जंतुक केली' असं जे सर्रास लिहितात, ते मला पटत नाही. जाड कवचाचे बीजाणू (काही जिवाणूंचं सुप्त रूप) या औषधांना दाद देत नाहीत. फरशी 'जंतुनाशकाने पुसली' एवढंच म्हणावं. 'निर्जंतुक' हे विशेषण ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या बंद भांड्यात) १२१ अंश सेल्सियसच्या वाफेत १५ मिनिटं काढलेल्या चिमट्या-कात्र्यांसाठी राखून ठेवावं.