वाचकांचे प्रश्न : सहा पट्टे की सात?

प्रश्न : गेल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब लक्षद्वीपला गेलो होतो. अगत्ती बेटाजवळ दीड पुरुष खोल पाण्यात, फांद्याफांद्यांच्या प्रवाळात, माझ्या मुलीने पाण्याखालच्या कॅमेऱ्याने एका लहान माशाचे चार फोटो काढले. मासा बोटाच्या दोन पेरांएवढा होता. बरोबरच्या गाइडने ‘क्लीनर रॅस’ असे नाव सांगितले. सोलापूरला परतल्यावर आमच्या मेहुण्यांनी, ‘रॅस म्हणजे रावसच, त्याचे पिल्लू असेल’ असा निकाल दिला. आमच्याकडे वडिलांच्या काळापर्यंत चादरीचे माग होते, त्यामुळे पट्टे मोजण्याची सवय आहे. मी अंगावर सात निळसर-जांभळे पट्टे मोजले, पण सात पट्ट्यांचा असा मासा मला कुठेच सापडला नाही. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला एक बारीक काळा ठिपका आहे. हा मासा कोणता? फोटो सोबत पाठवत आहे. — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी रावसाचे प्रकरण मिटवू. रावस आणि रॅस यांच्यात नावाच्या उच्चारापलीकडे काही नाते नाही. रावस हा किनाऱ्यालगतच्या आणि खाडीच्या गढूळ पाण्यात राहणारा, चांगला हात-दीड हात वाढणारा खाण्याचा मासा आहे. त्याच्या छातीपरांखाली सुटे धागे लोंबतात, आणि ते आपल्या फोटोतल्या माशाला नाहीत. रॅस हे इंग्रजीतून आलेले, एका मोठ्या कुळाचे नाव आहे. लॅब्रिडी हे त्या कुळाचे शास्त्रीय नाव ओठ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे, कारण यातल्या बहुतेक माशांचे ओठ जाड आणि पुढे आलेले असतात. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत. दोन मीटरहून लांब वाढणारा नेपोलियन रॅस त्यातलाच आणि जन्मभर बोटाएवढाच राहणारे मासेही त्यातलेच. आपल्याकडे उजनीचे कटला, रोहू, चिलापी आणि बर्फातून येणारे पापलेट-सुरमई एवढ्यावरच बाजार संपत असल्यामुळे या कुळाला रुळलेले मराठी नाव मिळालेले नाही. मला विचाराल तर ‘ओठाळ’ हे नाव शोभले असते, पण तो माझा हट्ट झाला.

आता पट्टे. आपण मोजलेले सात चुकलेले नाहीत. चुकले आहे ते काय मोजायचे हे. चादरीत अंगाचा रंग कोणता आणि पट्ट्याचा कोणता, हे मागावर बसणाऱ्याला आधीच ठाऊक असते. माशाच्या बाबतीत ते आपल्याला ठरवावे लागते. आपण पाठवलेला तिसरा फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा डोक्यामागून शेपटीकडे जाणाऱ्या, मळकट तपकिरी वाटणाऱ्या सहा बारीक रेघा स्पष्ट दिसल्या. पट्टे ते आहेत आणि त्यांचा खरा रंग नारिंगी आहे. जांभळट निळा हा अंगाचा रंग. सहा रेघांच्या मधल्या पाच जागा, वर पाठीकडची एक आणि खाली पोटाकडची एक, असे मिळून आपले सात ‘पट्टे’ झाले. पाण्यात खोल जाताना तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो आणि त्याच्या मागोमाग नारिंगीही फिका पडत जातो. त्यामुळे फ्लॅशशिवाय घेतलेल्या फोटोत नारिंगी रेघ विझल्यासारखी दिसते, निळा मात्र उठून येतो, आणि नजर साहजिकच निळ्याला पट्टा समजते.

निळसर-जांभळे अंग, सहा नारिंगी रेघा, हिरवट शेपटी आणि शेपटीच्या मुळाशी वरच्या अंगाला बारीक काळा ठिपका, या खुणांवरून हा सहापट्टी रॅस, म्हणजेच स्यूडोकायलिनस हेक्साटेनिया, असे मी खात्रीने म्हणतो. डच वैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ पीटर ब्लीकर यांनी 1857 साली या जातीचे वर्णन केले. हेक्साटेनिया या नावाचा अर्थच सहा फितींचा असा आहे. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातल्या तुआमोतू बेटांपर्यंत तो आढळतो. तो फार तर दहा सेंटीमीटर वाढतो आणि बहुधा त्याहून लहानच दिसतो, तेव्हा दोन पेरांचा आपला अंदाजही जुळतो.

रंगावर एवढा भर दिला तरी रॅसच्या कुळात रंग हा सर्वांत बेभरवशाचा साक्षीदार असतो, हे सांगितलेच पाहिजे. यातले बहुतेक मासे आधी मादी म्हणून वाढतात आणि नंतर त्यांतले काही नर होतात. पिल्लू, मादी आणि नर यांचे रंग कित्येकदा इतके वेगळे असतात की, एकाच जातीला शास्त्रज्ञांनी दोन-दोन नावे दिल्याची उदाहरणे आहेत. उलटही घडते. लक्षद्वीपच्या दक्षिणेला लागून असलेल्या मालदीवमधला एक गुलाबी रॅस बरीच वर्षे दुसऱ्याच जातीच्या नावावर खपत होता. त्या दुसऱ्या जातीचे वर्णन 2008 मध्ये हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या एकाच कोवळ्या नमुन्यावरून झाले होते. मोठे नर आणि माद्या नीट तपासल्यावर मालदीवचा मासा वेगळा निघाला आणि 2022 मध्ये त्याला सिर्हिलॅब्रस फिनिफेन्मा हे नाव मिळाले. फिनिफेन्मा म्हणजे तिथल्या धिवेही भाषेत गुलाब. ते वर्णन करणाऱ्यांमध्ये अहमद नजीब हे मालदीवचेच संशोधक होते. सहापट्टीच्या बाबतीत आपले नशीब चांगले, कारण त्याच्या नर-मादीच्या रंगात डोळ्यांत भरण्याजोगा फरक नसतो.

तरीही रंग बाजूला ठेवून दुसरी साक्ष काढावी, आणि ती आपल्या चौथ्या फोटोत आहे. पाठीवरचा पर पाहा. तो डोक्यामागून शेपटीजवळपर्यंत एकसंध आहे. हे पाहणे आवश्यक होते, कारण प्रवाळाच्या फांद्यांत पाच काळसर पट्ट्यांचा एक कार्डिनल मासा राहतो आणि त्याच्याही शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असतो. मात्र त्याचा ठिपका पिवळ्या डागाच्या मधोमध असतो, अंग फिकट असते आणि पाठीवर एकाऐवजी दोन सुटे पर असतात. दिवसा तो एका जागी तरंगत राहतो. आपल्या मुलीने लिहिले आहे की, मासा ‘एका फांदीआड गेला की दुसऱ्याच फांदीमागून निघायचा आणि शेपटी हलतच नव्हती’. या एका वाक्याने निम्मे काम केले. रॅस एरवी छातीचे दोन पर वल्ह्यासारखे मारत पोहतात आणि शेपटीचा उपयोग पळ काढण्यापुरता करतात. तिला माझी शाबासकी सांगा.

आणखी एक खूण या वंशात आणि त्याच्या काही जवळच्या वंशांत असते, पण ती दिसायला फोटो फार जवळून लागतो. डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचा मधला भाग जाड आणि दुभागलेला असतो, त्यामुळे एका डोळ्यात दोन बाहुल्या असल्याचा भास होतो. तिसऱ्या फोटोत तांबूस डोळा दिसतो आणि त्यातला काळा भाग मध्ये चिरल्यासारखा वाटतोही. मात्र एवढ्या पुसट फोटोवरून मी त्याची शपथ घेणार नाही. वरच्या खुणा पुरेशा आहेत.

याच वंशातले जवळचे भाऊबंद चटकन वगळता येतात. चारपट्टी रॅस प्रशांत महासागरातला, त्याचा लक्षद्वीपशी संबंध नाही. आठपट्टी हिंदी महासागरातही आहे, पण तो अंगाने मोठा आणि त्याचे पट्टे अंगापेक्षा गडद असतात. तिसरा तांबडा असून त्याच्यावर केसासारख्या पांढऱ्या रेघा आणि गालावर निळसर पांढरा फराटा असतो. गाइडने सांगितलेला क्लीनर रॅस तर फारच निराळा आहे, आणि त्याच्याविषयी याच आठवड्यात दुसरे पत्र आले आहे.

प्रश्न : मी तीन वर्षांपासून घरी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतो. एका दुकानातून ‘क्लीनर’ म्हणून निळसर अंगाचा, काळ्या पट्ट्याचा मासा आणला. तो दगडाच्या भोकात उलटा शिरून फक्त तोंड बाहेर ठेवतो आणि इतर माशांच्या परांचे तुकडे तोडतो. क्लीनर असे करतो का? टाकीत त्याऐवजी सहापट्टी ठेवावा का? — एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आपल्याला तोतया मिळाला आहे. खरा क्लीनर, लॅब्रॉइडिस डिमिडिएटस, प्रवाळात ठरलेल्या जागी दुकान मांडून बसतो आणि मोठे मासे त्याच्यापुढे येऊन अंगावरचे परजीवी काढून घेतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर झालेल्या आणि 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक क्लीनर दिवसाला सुमारे 1200 परजीवी खातो असे आढळले. या विश्वासाचा फायदा ॲस्पिडॉन्टस नावाचा ब्लेनी मासा घेतो. त्याचा रंग तोच, काळा पट्टा तोच, ग्राहकापुढे वरखाली नाचण्याची ढबही तीच. मात्र जवळ आलेल्या माशाच्या पराचा लचका तोडून तो पसार होतो.

ओळखायचे ते तोंडावरून. काचेजवळ आल्यावर त्याला बाजूने पाहा. खऱ्या क्लीनरचे तोंड थेट पुढच्या टोकाला असते, तोतयाचे नाकाडाच्या खाली, किंचित मागे असते, आणि खालच्या जबड्यात वाकडे सुळे असतात. भोकात उलटे शिरून बसणे ही ब्लेनींचीच खोड आहे. दुकानदाराने मुद्दाम फसवले असेलच असे नाही, कारण वरून पाहिल्यावर दोघे सारखेच दिसतात. मासा परत द्या किंवा वेगळ्या टाकीत ठेवा. खरा क्लीनर मात्र आणू नका, कारण अंगावर परजीवी असलेले ग्राहक टाकीत त्याला पुरेसे मिळत नाहीत आणि बहुतेक क्लीनर हळूहळू उपाशी मरतात.

सहापट्टीचे म्हणाल तर तो खाण्यापिण्यात सोपा आहे, बारीक कोळंबीवर्गीय जीव दिवसभर टिपत असतो आणि रात्री स्वतःभोवती बुळबुळीत कोष विणून झोपतो. सकाळी टाकीत तरंगणारा तो पातळ पापुद्रा पाहून मासा कात टाकतो की काय, असे वाटून घाबरू नका. पण तो भांडखोर आहे. नंतर आलेल्या लहान रॅसना तो जगू देत नाही, म्हणून ठेवायचाच तर सर्वांत शेवटी सोडावा. खरी अडचण आपल्या हवेची आहे. त्याला सव्वीस अंशांच्या आसपासचे पाणी लागते, आणि सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीपलीकडे जातो. टाकीला चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारे यंत्र, नसेल आणि दुपारची वीज भरवशाची नसेल, तर निदान पावसाळा लागेपर्यंत थांबा.