दाखला सातवीतच काढा, पण गणित सोडण्याची घाई नको

सातारा जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे. दुधाचा हिशोब ती तोंडी बिनचूक करते, विज्ञानाची उत्तरं सांगते, पण धडा वाचताना अडखळते आणि फळ्यावरचं निम्मंच उतरवते. शाळेत सांगतात की तिचं लक्ष नाही. नातलग म्हणतात, अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन-लेखनाच्या अडचणीचा, दाखला काढाल तर शिक्का बसेल, त्यापेक्षा दहावीनंतर आयटीआयला टाका. आईचा प्रश्न असा की दाखला काढावा का आणि त्याने पुढचे रस्ते बंद होतात का?

ताई, सोबत पाठवलेलं वहीचं पान नीट पाहिलं. 'किती'चं 'कती', 'धडा'चं 'घडा', 'प्रकाश'चं 'पकाश', 'सूर्य'चं 'सुय' झालंय. ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवा, ते मोठ्यांचंही चुकतं. बाकीच्या चुका कुठे होतात ते बघा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, पण म्हणायची नंतर. रफार आधी म्हणायचा आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आवाज आणि खूण यांचा क्रम जुळत नाही, तिथे ती घसरते. ध-घ दिसायला सारखे, तिथेही गल्लत होते. दुसरीतल्या मुलाचं हे चालतं. सातवीत, नियमित शाळेत जाणाऱ्या आणि तोंडी हुशार असलेल्या मुलीचं हे होत असेल, तर डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडण्याच्या अक्षमतेची, तपासणी व्हायलाच हवी. नुसत्या पत्रावरून निदान मात्र करता येत नाही.

सुरुवात शाळेतूनच करा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्राशी जोडलेले असतात, त्यांना शाळेत बोलवायची विनंती त्यात करा. मुलांमधली अक्षमता ओळखण्यासाठीच्या 'प्रशस्त' अ‍ॅपवरची पडताळणी सूची आधी वर्गशिक्षक भरतात, मग विशेष शिक्षक. ही प्राथमिक चाळणी आहे, तिला निदान समजू नका. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या डॉक्टरांनाही सांगा. ते पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवू शकतात.

रुग्णालयात आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक, आणि शेवटी वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. बहुतेकांच्या चकरा इथेच वाढतात. शाळेचं पत्र, गुणपत्रकं आणि वह्यांच्या झेरॉक्स बरोबर नसतील तर परत पाठवतात. खासगी केंद्राचा अहवाल घेऊन पालक निवांत होतात, पण बोर्डाच्या सवलतीला अधिकृत सरकारी रुग्णालयाचा दाखला लागतो. तो कुठे मिळतो हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात आधी विचारून मगच निघा. चाचणी मराठीतूनच घ्या असा आग्रह धरा. मराठी माध्यमातल्या मुलीला इंग्रजी उतारा वाचायला दिला तर त्यातून काहीच ठरत नाही.

आता शिक्क्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) स्पष्टपणे धरलेली आहे. दाखल्याने कुठलाही रस्ता बंद होत नाही. उलट अक्षमतेचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के राखीव जागांसाठी ती पात्र ठरते. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी राखीव ४ टक्क्यांपैकी १ टक्का ज्या गटाला आहे, त्यातही ती येते. दाखला वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतो, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी असते. तुमची मुलगी बारा-तेराची आहे, म्हणजे दहावीच्या आधी एक फेरी पुन्हा करावी लागेल. दहावीच्या वर्षी धावपळ सुरू केली की फॉर्म भरायची मुदत गाठताना दमछाक होते, म्हणून आत्ताच.

खरी जपून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. बोर्ड जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र आणि शुद्धलेखनाच्या चुका न धरणं अशा सवलती देतं. त्या निःसंकोच घ्या. पण बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याचीही एक सवलत आहे. उत्तीर्ण व्हायला ती सोपी वाटते. मात्र जिथे प्रवेशाला दहावीचं गणित मागतात, ते सगळे मार्ग तिने अरुंद होतात. दुधाचा हिशोब तोंडी करणाऱ्या मुलीचं गणित कच्चं नसावं, तिला शाब्दिक उदाहरण वाचताच येत नसावं. कुणीतरी उदाहरण वाचून दाखवलं तर सोडवते का, हे महिनाभर पाहा. सोडवत असेल तर गणित अजिबात सोडू नका. लेखनिकाचा सराव आठवीपासून ठेवा, कारण उत्तर मुद्द्यांनी, न थांबता सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. ऐन परीक्षेत ते जमत नाही.

दाखल्याने गुण वाचतात, वाचन सुधारत नाही. त्यासाठी रोज २० मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस द्या. एका वेळी एकच गोंधळ घ्या, म्हणजे या पंधरवड्यात फक्त ध-घ. आवाज म्हणायचा, बोटाने मोठं अक्षर गिरवायचं, लिहायचं, मग ते अक्षर असलेले पाच-सहा शब्द वाचायचे. पुढच्या पंधरवड्यात पहिली वेलांटी, त्यानंतर रफार. एक शब्द पन्नासदा लिहायची शिक्षा नको, हात दुखतो आणि चूकच पक्की होते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. धडा घरात कुणीतरी वाचायचा आणि तिने ओळीखाली बोट फिरवायचं. आठवड्यातून एकदा तोच ५०-६० शब्दांचा उतारा वाचून घ्या, चुका आणि लागलेला वेळ तारखेसह वहीत टिपा. ही वही रुग्णालयातही दाखवता येते.

वर्गशिक्षकांकडे तीन गोष्टी मागा: फळ्यावरचं उतरवण्याऐवजी टिपणाची झेरॉक्स, सगळ्यांसमोर अचानक वाचायला उभं न करणं, आणि घटक चाचणीत प्रश्न वाचून दाखवणं. आठवीत वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणं आता गरजेचं आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा असते, तीही गेली तर वर्ग तोच राहतो. म्हणून हे याच वर्षी सुरू व्हावं.

आयटीआय वाईट नाही. इलेक्ट्रिशियन किंवा ड्राफ्ट्समन उत्तम व्यवसाय आहेत, पण तिथेही पुस्तकी भाग आणि लेखी परीक्षा असतेच. वाचता येत नाही म्हणून तिकडे टाकू नका, तिला आवडलं तर जाऊ द्या. ठरवायला नववीपर्यंत वेळ आहे.

धाकटा पहिलीत आहे असं लिहिलंय. डिस्लेक्सिया बऱ्याचदा एका घरात एकाहून जास्त मुलांत दिसतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी केली आहे, ती मराठीतही आहे आणि पहिली ते पाचवीच्या मुलांसाठीच आहे. विशेष शिक्षक आले की त्याच्याबद्दलही विचारा.