सजेशन बॉक्स रिकामाच राहतो, काय करू?

प्रश्न: अंबड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, सजेशन बॉक्स लावला पण पोरं काहीच टाकत नाहीत. – एक वाचक, नाशिक

उत्तर: दादा, चिठ्ठीचं पुढे काय होतं तेच पोरांना दिसत नाही ना, मग कोण लिहील? टोयोटात १९५१ पासून कामगारांकडून सूचना घेतात, अगदी बारीकसारीकसुद्धा. तुम्ही शिफ्ट बदलताना लेथपाशी थांबा, ऑपरेटरला विचारा सेटिंगला वेळ कुठे जातो, आणि तो म्हणाला ‘एलन की’ (बोल्ट फिरवायची षटकोनी चावी) शोधण्यातच जातो तर त्याच दिवशी मशीनला त्या चावीसाठी स्टँड बसवून द्या, वर त्या ऑपरेटरचं नाव लिहा. सुचवलेलं करून बघताना, म्हणजे ट्रायलमध्ये, पीस स्क्रॅप झाला तर पगार कापू नका, हे अगदी मनापासून सांगतेय. आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांनाही विचारा, त्यांना सहसा कोणी विचारतच नाही.