उपग्रह हाती लागला, पण थांबला नाही

प्रश्न : अवकाशात वस्तूला वजन नसतं. मग १९८४ मध्ये अंतराळवीर जॉर्ज नेल्सन यांना सूर्याचा अभ्यास करणारा, बिघडलेला ‘सोलर मॅक्स’ उपग्रह दुरुस्तीसाठी हातानं धरून थांबवता का आला नाही? पुढे त्यांचं काय झालं?

उत्तर : वजन जाणवत नाही, पण वस्तुमान कुठे जातं? सुमारे २,३०० किलोचं धूड संथ फिरत असलं तरी थांबवायला जोर लागतो, आणि जोर लावायला पाय रोवावे लागतात. नेल्सन अधांतरी होते. पाठीवर नायट्रोजनच्या झोतांवर चालणारी खुर्चीवजा गाडी, एवढाच आधार. ८ एप्रिलला ते ‘चॅलेंजर’ या अवकाशयानातून उपग्रहापाशी गेले. त्याची खुंटी गाडीच्या पुढच्या पकडीत अडकवायची होती. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा पकड बसली नाही. खुंटीशेजारी आवरणाची एक छोटीशी पिन आडवी येत होती आणि ती आराखड्यात दाखवलेलीच नव्हती! माझं आयुष्य प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करण्यात गेलं. कागदावर नसलेल्या अशा पिनेनं मलाही कितीदा रडवलंय.

मग त्यांनी सौरपंखच हातानं धरला. उपग्रह आणखीच हेलकावू लागला, पंखांवर नीट ऊन पडेना, बॅटऱ्या उतरत चालल्या. जमिनीवरून उपग्रह सांभाळणाऱ्या, नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या मंडळींनी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आधार घेत त्याला रातोरात सावरलं. या मोहिमेतली मला सर्वांत जवळची वाटणारी माणसं तीच.

१० तारखेला यानातले सहकारी टेरी हार्ट यांनी यानाच्या यांत्रिक हातानं उपग्रह पकडला. दुसऱ्या दिवशी नेल्सन आणि जेम्स व्हॅन हॉफ्टन यांनी दिशा सांभाळणारा भाग बदलला. फ्यूज उडून तो १९८० च्या अखेरीसच बंद पडला होता. शिवाय एका दुर्बिणीची इलेक्ट्रॉनिक पेटीही बदलली. ही पेटी कक्षेत उघडायची म्हणून बनवलेलीच नव्हती. फुगलेल्या हातमोज्यांनी बारीक स्क्रू काढायचे, हे काम किती नाजूक! उपग्रह १९८९ पर्यंत सूर्य न्याहाळत राहिला.

नेल्सन मूळचे खगोलशास्त्रज्ञ. १९७८ मध्ये पीएचडी आणि त्याच वर्षी नासात निवड. जानेवारी १९८६ मध्ये ते ‘कोलंबिया’तून परतले, आणि दहाच दिवसांनी ‘चॅलेंजर’ नष्ट झालं. त्यात सोलर मॅक्स मोहिमेतले त्यांचे सोबती डिक स्कोबी गेले. तरीही सप्टेंबर १९८८ मध्ये, अपघातानंतरच्या पहिल्या उड्डाणात, नेल्सन ‘डिस्कव्हरी’त बसले. १९८९ मध्ये त्यांनी नासा सोडली आणि पुढची वर्षं विज्ञानशिक्षणाला, विज्ञानाचे शिक्षक घडवण्याला दिली.