विजयदुर्गच्या त्या एका वाक्याविषयी

देवगड तालुक्यातून एस.वाय.बी.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. कॉलेजात मराठी विकिपीडियाची कार्यशाळा झाली. घरी येऊन तिने गावच्या देवळावर मोठा लेख टाकला, तो दोन दिवसांत काढला गेला. मग विजयदुर्गच्या लेखात तिने वाक्य घातलं : ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकयर यांनी याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला.’ तेही कोणीतरी उलटवलं. ती लिहिते, ‘आमच्या गावची गोष्ट आम्हालाच सांगू देत नाहीत. बाबा विचारतात, ह्या फुकटच्या हमालीतून तुका काय गावतला? मी हे पुढे चालू ठेवू का? करिअरला याचा उपयोग होईल?’

बाळ, चालू ठेव. तुझ्या दोन्ही नोंदी का गेल्या ते आधी सांगते, कारण करिअरचं उत्तर त्यातच आहे.

देवळाचा लेख तू देवस्थानच्या पुस्तिकेतून जसाच्या तसा उतरवलास, हे तूच लिहिलं आहेस. पुस्तिका लिहिणाऱ्याचा तिच्यावर प्रताधिकार असतो. आपल्याकडे तो लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. विकिपीडियावरचा मजकूर कोणीही उचलून वापरू शकतो, अगदी विकायलासुद्धा. जी वस्तू आपली नाही ती अशी वाटून टाकता येत नाही. पुस्तिका वाच, मिटून ठेव आणि स्वतःच्या वाक्यात लिही. त्यातल्या ‘जागृत’, ‘नवसाला पावणारी’ या शब्दांना ज्ञानकोशात जागा नाही. ते आपल्या मनात राहू देत.

आता विजयदुर्ग. ही गोष्ट मीही लहानपणापासून ऐकत आले आहे आणि तिच्यावर माझाही जीव आहे. पण तारखा मांडून बघ. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी पाहिलं ते गुंटूरहून. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर तेव्हा इंग्लंडात होते. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली, पुढे हेलियमची ठरलेली ती पिवळी रेषा त्यांना दिसली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तिथूनच, तेही ग्रहण नसताना. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रॅमसे यांना. आणि लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. म्हणजे साहेब खरोखर आपल्या गडावर आले होते, दुर्बिणी लावून बसले होते, फक्त तीस वर्षांनी. दोन ग्रहणं लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळली आणि साल मागे सरकलं.

बघ, तुझं वाक्य उलटवणाऱ्याने गावाचा अपमान केला नाही. त्याने एवढंच विचारलं, हे तुला कुठून कळलं? व्हॉट्सॲपवर आलेलं, शाळेत सरांनी सांगितलेलं, गडावरच्या फलकावर लिहिलेलं, यातलं काहीच तिथे पुरत नाही. कुठेतरी प्रसिद्ध झालेला, कोणीतरी तपासलेला आधार लागतो. लॉकयर यांनीच १८६९ मध्ये सुरू केलेल्या ‘नेचर’चे जुने अंक शोध, १८९८ च्या ग्रहणाविषयी त्यात मिळेल. गडाच्या इतिहासासाठी रत्नागिरी आणि सावंतवाडीचं १८८० चं गॅझेटियर पाहा. तेव्हा देवगड रत्नागिरीतच होतं, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये. मग तेच वाक्य पुन्हा लेखात टाकू नकोस. तीनदा टाकलंस, तीनदा उलटवलं, असं भांडण झालं की खातं गोठवलं जाण्याची वेळ येते. लेखाच्या ‘चर्चा’ पानावर जा, १८९८ चा आधार दे, नवं वाक्य सुचव, शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकून सही कर आणि चार दिवस थांब. उत्तर देणारे लोक नोकरी-संसार सांभाळून हे करतात.

नवा लेख आत्ता नकोच. आधी सहा महिने दुरुस्त्या कर. शुद्धलेखन, चुकलेला तालुका, तुटलेला दुवा, संदर्भ नसलेल्या वाक्याला संदर्भ. मोठं काही लिहायचं असेल तर ते आधी तुझ्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर लिही. इंग्रजी लेखाचं यंत्राने केलेलं भाषांतर तसंच चिकटवू नकोस. यंत्र ‘लॅटराइट’ असंच ठेवून देईल. तो आपला जांभा आहे, आणि त्या जांभ्याचं सपाट पठार म्हणजे सडा, हे तुला माहीत आहे. या शब्दांसाठी तिथे तुझ्यासारख्या मुलीची गरज आहे.

एक दुःख मात्र मी लपवणार नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कशी ओढतात, कुठल्या वाऱ्याला होडी घालत नाहीत, हे तुझ्या आजीला ठाऊक असलेलं बरंच काही कुठेच छापलेलं नाही, म्हणून विकिपीडियात जाऊ शकत नाही. ते तू रेकॉर्ड करून, तारीख-वार घालून जपून ठेव. उद्या कोणी अभ्यासक त्यावर लिहील, कदाचित तूच लिहिशील. रापणीचा तू स्वतः काढलेला फोटो मात्र आजही कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या भांडारात, चढवता येईल. त्यात दिसणाऱ्या माणसांना आधी विचार.

बाबांना सांग, पैसे मिळत नाहीत, हे त्यांचं खरं आहे. कार्यशाळेच्या प्रमाणपत्रालाही फार वजन नाही. पण विकिपीडियावर प्रत्येक पानाचा इतिहास उघडा असतो. मी मुलाखती घ्यायला बसते तेव्हा ‘संशोधनाची आवड’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक बायोडेटात असतात. विजयदुर्गच्या पानावर तू काय लिहिलंस, कोणी हरकत घेतली, तू काय आधार आणलास, हे एका दुव्यावर दाखवता आलं तर मी तुझा कागद बाजूला काढून ठेवेन. विज्ञान पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र, भाषांतर, पुढे एम.एस्सी.चा प्रबंध, सगळीकडे हाच सराव लागतो. किती संपादनं केली हा आकडा मात्र बायोडेटात लिहू नकोस, त्यावरून काही कळत नाही. आठवड्याला दोन तास पुरे, आणि परीक्षेच्या महिन्यात तेही नकोत.

बाबांची कलमं आहेत, घरी पर्यटक उतरतात, असंही तू लिहिलं आहेस. आपल्या आंब्यावर किंवा आपल्या होमस्टेवर लेख लिहू नकोस, कोणी पैसे देऊ केले तरी नको. पैसे घेऊन लिहिणाऱ्याला ते उघड सांगावं लागतं, आणि लपवलं की नाव जातं. सदस्यनाव टोपण ठेव, फोन नंबर आणि घरचा पत्ता कुठेही टाकू नकोस.

चर्चा पानावर नोंद केलीस की मला दुवा पाठव. मी वाचेन.