मेरिटला 'गुणवत्ता' म्हणावं का, आणि 'वंशावर प्रवेश' म्हणजे नक्की कशावर?

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या खाजगी शाळा-कॉलेजांच्या ॲडमिशनवरचा एक लेख मराठीत करायचाय, त्यात वाक्य आहे की ॲडमिशन रेसवर नको, मेरिटवर हवी. तर "प्रवेश वंशावर नको, गुणवत्तेवर हवा" असं लिहिलं तर चालेल का, की मेरिट तसंच ठेवू?

वाक्य बसतंय छान, पण दोन्ही शब्द दगा देणारे आहेत. आणि गंमत म्हणजे सगळे गुणवत्तेवर अडतात, पण जास्त घोटाळा 'वंश' करतो.

आपल्याकडे वंश म्हटलं की डोळ्यापुढे काय येतं? वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश. म्हणजे घराणं, बापजादे. रेस हा अर्थ शाळेच्या पुस्तकांमधून नंतर येऊन चिकटला. त्यामुळे "वंशावर प्रवेश" वाचून एखाद्याला सरळ वाटेल की बाप त्याच कॉलेजात शिकला म्हणून पोराला घेतलं. आणि हे तिकडे होतंच की, त्याला लेगसी म्हणतात! हार्वर्ड प्रवेशात आशियाई मुलांना डावलतं म्हणून जो खटला झाला (२०१४ ला दाखल, २०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल) त्यात बाहेर आलेल्या डेटावर दावेदारांच्या बाजूच्या अर्थतज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर पुढे अभ्यास केला, त्यात असं निघालं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं ही एकतर खेळाडू म्हणून भरती केलेली, किंवा माजी विद्यार्थ्यांची पोरं, किंवा डीनच्या खास यादीतली, किंवा तिथल्याच स्टाफची मुलं होती. काळ्या, आशियाई आणि हिस्पॅनिक मुलांत हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आत. डीनच्या खास यादीला मराठी शब्द शोधत बसू नका, वशिला हा शब्द त्यासाठीच आहे.

म्हणजे तुमचं वाक्य मराठीत लेगसीच्या विरोधात वाचलं जाईल, आणि मूळ लेखकाला बहुधा तेच सोडून बाकी सगळं म्हणायचं असेल :)

उपाय सोपा आहे, विशेषण वापरा. 'वांशिक' म्हटलं की घराण्याचा वास जातो, वांशिक गट, वांशिक ओळख असं लिहा. 'वर्ण' मात्र नको. वर्णद्वेष, वर्णभेद हे शब्द रुळलेत आणि ते खुशाल वापरावेत, पण नुसता वर्ण आला की मागून चातुर्वर्ण्य येतंच. 'जात' तर नकोच नको. तसंच पुढे लेखात ॲफर्मेटिव्ह ॲक्शन (मागे राहिलेल्या वांशिक गटांना प्रवेशात झुकतं माप देणं) आलं तर त्याला आरक्षण करून टाकू नका. तिकडे ठरावीक जागा बाजूला काढणं १९७८ च्या 'बाकी' (Bakke) नावाच्या खटल्यातच बाद झालं, कॅलिफोर्नियातल्या एका मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा राखल्या होत्या आणि कोर्टाने ते चालू दिलं नाही. त्यानंतर २०२३ च्या हार्वर्ड निकालाने तेही बंद होईपर्यंत जे चाललं ते अर्ज तोलताना वांशिक ओळखही एक मुद्दा म्हणून धरायचा, एवढंच. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींच्या तोंडी "कोट्यात गेली सीट" हे वाक्य असतं खरं, पण ते इथून सोबत नेलेलं आहे.

आता गुणवत्ता. मराठीत गुण दोन आहेत, एक गुणपत्रिकेतले आणि एक अंगचे. "पोराचे गुण बघितलेत का" हे बाई निकालाच्या दिवशी म्हणाल्या तर मार्क, एरवी म्हणाल्या तर पोराने काहीतरी उधळलंय हे नक्की. पण 'गुणवत्ता यादी' म्हटलं की आपण फक्त मार्क धरतो. बोर्डाची ती यादी बंद होऊन वर्षं झाली तरी मेरिटला लागला, बोर्डात आला, हे शब्द काही गेले नाहीत. म्हणून मराठी वाचकाच्या डोक्यात मेरिट = टक्के, विषय संपला. अमेरिकेत अख्खं भांडण नेमकं इथेच आहे की कुठला गुण मोजायचा, मार्कांचा की अंगचा, आणि अंगचा कोणी ठरवायचा.

हे भांडण जुनं आहे आणि त्याची सुरुवात फार उघडीवाघडी आहे. १९२२ च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू मुलांचं प्रमाण पाचाला एकच्या वर गेलं होतं, ही पोरं परीक्षा पास होऊनच येत होती. अध्यक्ष होते लॉवेल, त्यांना हे प्रमाण कमी करायचं होतं. आधी सरळ मर्यादा घालायचा प्रस्ताव आणला, त्यावर बोंबाबोंब झाली. मग १९२६ पासून निवडीत चारित्र्य, व्यक्तिमत्त्व यांना वजन आलं आणि अर्जासोबत फोटो मागायला लागले. त्याच्याही आधी, १९२२ लाच, अर्जात एक प्रश्न घुसवला होता: जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का, असल्यास कोणता? मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही, "नाही हो, पूर्ण नाव काय, आडनाव?" हा प्रश्न ज्याने कधी ऐकलाय त्याला बरोब्बर कळतं.

तर परीक्षेत बसून जे मिळतं ते मेरिट, ही व्याख्या नको ती पोरं पास व्हायला लागल्यावर बदलली. आणि शंभर वर्षांनी आशियाई मुलांच्या बाबतीत वाद पुन्हा तिथेच आला. हार्वर्डमध्ये अर्ज वाचणारे १ ते ६ अशी रेटिंग देतात, १ सगळ्यात चांगलं. अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि एक 'पर्सनल', म्हणजे निबंध, शिक्षकांची पत्रं, मुलाखत वगैरेवरून माणूस कसा वाटला. या शेवटच्या रकान्यात आशियाई मुलांना एकंदरीत कमी मिळत होतं. वरच्याच खटल्यात खालच्या कोर्टाने २०१९ ला मुद्दाम भेदभाव केल्याचं सिद्ध होत नाही म्हटलं, पण या रकान्याचं मराठी तुम्ही काय करणार ते सांगा. गुण? स्वभाव? 'व्यक्तिमत्त्व' करा, कारण आपल्याकडे "मुलगा हुशार आहे पण पर्सनॅलिटी नाही" हे वाक्य आहेच, आणि ते तितकंच अन्यायी आहे.

अजून एक भारी गोष्ट, फ्रँक सॅमसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा २०१३ चा पेपर. कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या लोकांना विचारलं की ॲडमिशनमध्ये मार्कांना किती वजन असावं. त्यातल्या काहींना आधी सांगितलं की तिथल्या विद्यापीठात आशियाई मुलांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने दुपटीहून जास्त आहे. हे ऐकलेल्यांनी मार्कांचं वजन कमी असावं म्हटलं! समोर कोण उभं आहे त्यावर व्याख्या हलते. म्हणून गुणवत्ता हा भारदस्त, पक्का वाटणारा शब्द तिथे मला पटत नाही.

शाळांचं थोडं वेगळं आहे. सरकारी शाळांत गोऱ्या-काळ्या मुलांना वेगळं ठेवता येणार नाही या सुप्रीम कोर्टाच्या १९५४ च्या निकालानंतर दक्षिणेत गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाल्या, व्हर्जिनियात प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ पासून पाच वर्षं सरकारी शाळाच बंद ठेवल्या. तिथे मेरिटचं नावही नव्हतं, रंग बघून प्रवेश. खाजगी शाळेलाही असं करता येणार नाही हे सुप्रीम कोर्टाने १९७६ ला सांगितलं. मग उलटा प्रश्न आला, काळं मूल दिसलं की हे स्कॉलरशिपवरच असणार असं धरून चालणं. न्यूयॉर्कमध्ये १९७८ पासून प्रेप फॉर प्रेप म्हणून संस्था आहे, ती गोरेतर हुशार मुलं निवडून दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि मधलं अख्खं वर्ष शाळा सांभाळून तासून घेते आणि मग बड्या खाजगी शाळांत पाठवते. एवढं करून आलेल्या मुलाला वर्गात उपकाराने आल्यासारखं बघतात, २०२० मध्ये अशा शाळांच्या मुलांनी इन्स्टाग्रामवर 'ब्लॅक ॲट' नावाची खाती काढून हेच लिहिलं होतं. अशा मुलाला मराठी शब्द आहे, 'होतकरू'. शब्द चांगलाच आहे, पण बघा, 'गरीब व होतकरू' अशी जोडीच असते. बंगल्यातल्या पोराला कोणी होतकरू म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही, तो थेट हुशार.

जाता जाता, बौद्ध ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरात पुण्याला मेरिटच म्हणतात. आणि पुण्याई आपल्याकडे वारशाने मिळते, आजोबांची पुण्याई नातवाला. लेगसीला एवढा फिट्ट शब्द नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ ला कायदा करून खाजगी कॉलेजांत ही पुण्याई (आणि देणगीचा वशिला) बंद केलाय.

तर माझं मत: "वांशिक ओळख बघून प्रवेश नको, मेरिटवर हवा". मेरिट ठेवा, कारण बोलणाऱ्यानेच ते मोघम ठेवलंय आणि आपल्यालाही तो शब्द परका नाही. पुढे जिथे लेखक परीक्षेबद्दल बोलतो तिथे 'मार्क', जिथे कॉलेज ठरवतं तिथे 'पात्रता', आणि गुणवत्ता शक्यतो कुठेच नको. आणि हो, तिकडे हार्वर्डलाही स्कूल म्हणतात, त्याचं 'शाळा' करू नका, प्रत्येक ठिकाणी बारावीच्या आधीचं चाललंय की नंतरचं ते बघून घ्या.