दुबार नाव आणि दुबार मत

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. "सर, मतदारयादीत १४० दुबार नावं सापडलीत. अशील ग्रामपंचायतीला ९ मतांनी पडलाय. पिटिशन टाकूया का?" मी तेव्हाच वाचला, पण मुद्दाम उत्तर दिलं नाही. रात्रीच्या उत्साहात दिलेला सल्ला सकाळी बदलावा लागतो, हे चाळीस वर्षांत पुरतं कळलंय. फोनवर बोललो असतो तर तू मध्येच "पण सर" म्हणत राहिली असतीस, म्हणून लिहितोय.

आधी एकच प्रश्न. त्या १४० जणांपैकी दोन ठिकाणी मत किती जणांनी दिलं?

नाव दुबार असणं वेगळं आणि मत दुबार देणं वेगळं. आपल्या तालुक्यातली निम्मी तरणी पोरं चाकण, पनवेल, भोसरीला आहेत. तिकडे भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर नाव घातलं, इकडचं काढायचं राहिलं. कायदा हे चालवून घेत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १७ आणि १८ प्रमाणे एकाच माणसाचं नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच यादीत दोनदा असता कामा नये. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल तर कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण यादीत नुसतं नाव पडून आहे म्हणून निवडणूक उलटत नाही. मतदारयादी एकदा अंतिम झाली की निवडणूक पिटिशनमध्ये कोर्ट सहसा तिच्या मागे जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने साठ-सत्तरच्या दशकांतच पक्कं करून ठेवलंय. यादीचं भांडण यादीच्या वेळी भांडायचं. नमुना ७ भरून हरकत घ्यायची, बीएलओच्या, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, मागे लागायचं. तुझ्या अशिलाने हरकतींच्या मुदतीत काय केलं ते विचार. तो तेव्हा बॅनर छापत असणार, मला माहीत आहे.

मतदान केलं असेल तर मात्र गोष्ट बदलते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२ पुन्हा वाच, सावकाश वाच. एकाने एकाच मतदारसंघात दोनदा मत दिलं तर त्याची तिथली सगळी मतं बाद. दुसरं बाद आणि पहिलं चालू, असं नाही. दोन मतदारसंघांत दिलं तर दोन्हीकडची बाद. ग्रामपंचायतीचा कायदा निराळा आहे, त्यामुळे कलम जसंच्या तसं उचलून अर्जात डकवू नकोस. तत्त्व तेवढं घे.

आता शिक्षेचं. तुझा अशील म्हणतो म्हणे, "एकेकाला आत टाकतो." त्याला जरा जमिनीवर आण. दुसऱ्याच्या नावावर मत मागणं, किंवा एकदा देऊन पुन्हा मागणं, म्हणजे तोतयेगिरी. पूर्वी भारतीय दंड संहितेत १७१-डी आणि शिक्षेला १७१-एफ, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत १७२ आणि १७४. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र. माणूस संध्याकाळी घरी जेवायला असतो.

खरी शिक्षा मागच्या दाराने येते आणि ती फारशी कुणाच्या ध्यानात नसते. १७१-एफ खाली दोषी ठरला की, नुसता दंड झाला असला तरी, आमदारकी-खासदारकीला सहा वर्षं उभं राहता येत नाही, हे १९५१ च्या कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. आणि ११-अ प्रमाणे लोकसभा-विधानसभेला सहा वर्षं मतही देता येत नाही. पाचशे रुपयांसाठी दुसऱ्याची चिठ्ठी घेऊन रांगेत उभा राहिलेला पोरगा स्वतःचंच मत सहा वर्षं घालवून बसतो. असा एखादा पोरगा उद्या तुझ्याकडे वकीलपत्र घेऊन आला तर त्याला गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळं होण्याचा सल्ला देण्याआधी हे सांग. बरेच वकील सांगत नाहीत.

केंद्र ताब्यात घेणं, म्हणजे बूथ कॅप्चरिंग, याला त्याच १९५१ च्या कायद्यात कलम १३५-अ आहे. एक ते तीन वर्षं, आणि सरकारी नोकर असेल तर तीन ते पाच. हे कलम १९८९ साली आलं. आणि मतदानाच्या कामात कसूर करणाऱ्या कर्मचाऱ्याला कलम १३४ खाली दंड किती, माहीत आहे? पाचशे रुपयांपर्यंत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

त्याच १९८९ च्या लोकसभेची एक केस आहे, आजच्या झारखंडमधली. २६ नोव्हेंबरला मतदानाच्या दिवशी चिठ्ठ्या वाटणाऱ्या कार्यकर्त्याकडून मतदारयादी आणि चिठ्ठ्या हिसकावायला लोक आले, मारहाण झाली. सुप्रीम कोर्टाने शेवटचा निकाल दिला जुलै २०२१ मध्ये. बूथ कॅप्चरिंग आणि बोगस मतदान पोलादी हाताने मोडून काढलं पाहिजे, असं कोर्टाने लिहिलं. शिक्षा कायम केली ती दंगल आणि मारहाणीच्या कलमांखाली, सहा महिने. बत्तीस वर्षांनी सहा महिने. हे वाचून तुझ्या अशिलाचा "आत टाकतो" चा सूर आपोआप खाली येईल.

म्हणून माझ्या लेखी आपल्याकडे माणसाला होणारी शिक्षा हलकी आणि उशिराची असते. भारी असते ती निवडणुकीला होणारी शिक्षा, निकालच रद्द होतो. पण तिथे पुरावा काटेकोर लागतो. आणि तो पुरावा मतदानाच्या दिवशी, त्या खोलीत, कागदावर तयार झालेला असावा लागतो. नंतर तयार केलेला कोर्टात टिकत नाही.

मी हे कसं शिकलो ते सांगतो. वकिली सुरू केल्यावर दोन-तीन वर्षांनी माझ्याकडे एक ग्रामपंचायतीचा उमेदवार आला. ११ मतांनी पडलेला, हातात २३ नावांची यादी. "हे सगळे बोगस, साहेब, सगळ्या गावाला माहीत आहे." मीही तुझ्यासारखाच पेटलो. रात्र जागून अर्ज लिहिला, भाषा अशी की वाचणाऱ्याला घाम फुटावा. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने माझ्या अशिलाच्या पोलिंग एजंटला, म्हणजे केंद्रावर बसलेल्या त्याच्या प्रतिनिधीला, एकच प्रश्न विचारला. "तुम्ही त्या दिवशी किती जणांवर आक्षेप घेतला?" एजंट म्हणाला, "एकावर पण नाही." "का?" "भांडण नको म्हणून." संपलं. मार्क कॉपी, म्हणजे मत देऊन गेलेल्यांच्या नावांवर खुणा केलेली यादी, मागवली, ग्रामपंचायतीचं मृत्यूचं रजिस्टर मागवलं, आणि मेलेल्यांच्या नावापुढे खूण आहे असे चार जण तेवढे हाती लागले. चार मतं बाद झाली. फरक होता अकराचा. निकालावर परिणाम नाही, अर्ज फेटाळला. अशिलाने माझी उरलेली फी दिली नाही, आणि मला मागायचं तोंडही नव्हतं.

याच्या उलटही एक आहे. १९९० च्या विधानसभेला मी स्वतः पोलिंग एजंट म्हणून बसलो होतो. एक बाई डोक्यावरून पदर ओढून आली, चिठ्ठीवरचं वय चाळीस आणि ही दिसायला पंचविशीची. मी ताडकन उठलो. खिशातून दोन रुपये काढून केंद्राध्यक्षांपुढे ठेवले. आक्षेपाला दोन रुपयेच लागतात, अजूनही. त्यांनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं. बाईने मान खाली घातली, नाव घेईना. मला वाटलं, सापडली. शेवटी कोतवालाला आत बोलावलं. तो म्हणाला, "अहो वकीलसाहेब, ही आमच्या सदाशिवआण्णांची थोरली सून. नवऱ्याचं नाव कसं घेईल ती?" वय यादीत चुकलं होतं. माझे दोन रुपये जप्त झाले आणि ती बाई मत देऊन जाताना माझ्याकडे अशी बघून गेली, की ती नजर अजून आठवते. तेव्हा १४० नावांपुढे "बोगस" लिहिताना हात जरा आखडता घे. त्यातले बरेचसे कुणाच्या ना कुणाच्या सुना निघतील.

आता चंडीगड. तू विचारशीलच, की तिथे तर तीन आठवड्यांत निकाल फिरला. फिरला. ३० जानेवारी २०२४ ला महापौरपदाची निवडणूक झाली. एकूण ३६ मतं. पीठासीन अधिकारी अनिल मसीह यांनी आठ मतपत्रिका बाद ठरवल्या, मनोज सोनकर १६ विरुद्ध १२ ने विजयी. त्या आठही मतपत्रिका प्रतिस्पर्धी कुलदीप कुमार यांच्या बाजूच्या होत्या, आणि अधिकारी त्यांवर पेनाने खुणा करताना कॅमेऱ्यात दिसत होते. मतपत्रिका दिल्लीला मागवल्या, न्यायमूर्तींनी त्या स्वतः पाहिल्या आणि २० फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने घटनेच्या अनुच्छेद १४२ चा विशेष अधिकार वापरून, ती आठ मतं धरून, कुलदीप कुमार यांना २० विरुद्ध १६ असं विजयी जाहीर केलं. मसीह यांनी कोर्टापुढे खोटं सांगितलं म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खाली नोटीस काढली ती वेगळीच.

लोक ही केस कोर्टाच्या धाडसाची म्हणून सांगतात. मी ती कागदाची म्हणून वाचतो. मतं ३६, वादातली ८, मतपत्रिका शाबूत, व्हिडिओ स्पष्ट. कोर्टाला अंदाज बांधावाच लागला नाही.

तुझ्या केसमध्ये यंत्र आहे. जुन्या मतपत्रिकेला क्रमांक असायचा, स्थळप्रतीलाही असायचा, त्यामुळे कोर्टाने ठरवलं तर बाद मत नेमकं हुडकून बाजूला काढता येई. यंत्रातून मत परत निघत नाही. तू एवढंच दाखवू शकतेस, की बाद ठरणारी मतं फरकापेक्षा जास्त आहेत. म्हणजे तुला १४० नकोत, दहा हवीत. पण दहा अशी, की प्रत्येकाचा कागद बोलला पाहिजे.

कागद कोणते, ते लिहून घे. दोन्ही केंद्रांच्या मार्क कॉप्या. मतदारांची नोंदवही, जिथे सही किंवा अंगठा असतो. अंगठा असेल तर सोन्याहून पिवळं, ठसेतज्ज्ञाकडे जाता येतं. केंद्राध्यक्षांची डायरी. आणि प्रदत्त मतांची यादी, जिला आपण टेंडर वोट म्हणतो. खरा मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर त्याला यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं. ती पाकिटात बंद होते आणि मोजणीत धरत नाहीत. बहुतेक लोक "तुमचं झालंय" ऐकून घरी जातात. जो अडून बसतो आणि टेंडर वोट देतो, तो तुझा सगळ्यात मोलाचा साक्षीदार. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ अशा एका मताने पडले, तेव्हा खटला बराचसा या टेंडर मतांभोवती फिरला. तो २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला, आणि कोर्टाने बजावलं की मूळ अर्जात न लिहिलेला मुद्दा नंतर घुसवता येणार नाही. म्हणून सांगतो, जे आहे ते पहिल्याच अर्जात, नावानिशी, केंद्रानिशी, अनुक्रमांकानिशी.

आणि मोघम लिहू नकोस. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे विधानसभेच्या मतदानातल्या संध्याकाळी सहा वाजल्यानंतरच्या सुमारे ७५ लाख मतांचा मुद्दा गेला होता, सगळ्या राज्याचा एकच अर्ज. फेटाळला, वर दिवस वाया गेल्याबद्दल कोर्टाची नाराजी. त्या आकड्यात काही तथ्य होतं की नाही, यावर मी बोलत नाही. पण निवडणुकीला आव्हान त्या त्या मतदारसंघाच्या पिटिशनमधूनच द्यायचं, हे घटनेच्या ३२९ मध्येच आहे. आकडा जितका मोठा तितका पुरावा पातळ, असं होतं बऱ्याचदा.

मुदतीचं तुला सांगायला नको, तरी सांगतो. लोकसभा-विधानसभेला ४५ दिवस, ग्रामपंचायतीला तिच्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवस, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरापुढे. विलंब माफीचा अर्ज घेऊन जाशील तर साहेब हसतील. आणि केंद्रावर कॅमेरा होता का ते आजच विचार. लोकसभा-विधानसभेच्या चित्रीकरणाबद्दल केंद्रीय आयोगाने २०२५ मध्ये कळवलंय, की ४५ दिवसांत पिटिशन नाही आली तर नष्ट करा. आपल्याकडे राज्य आयोगाचा नियम काय ते तहसीलमध्ये लेखी विचार, तोंडी नको. राज्य आयोगानेच संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापायला लावले होते आणि अशा मतदारांकडून एकाच ठिकाणी मत देण्याचं हमीपत्र घ्यायला सांगितलं होतं. तुमच्या केंद्रावर ती घेतली असतील तर गठ्ठा सीलबंद आहे की कपाटात पडलाय, तेही बघ. खोटं हमीपत्र सापडलं तर तुझी दहातली दोन-तीन नावं तिथेच मिळतील.

तुझ्या मेसेजप्रमाणे निकाल गुरुवारी लागला. म्हणजे सहा दिवस गेले, नऊ उरले, त्यात एक रविवार आणि एक दुसरा शनिवार. परवा संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर ऑफिसला ये. अशिलाला आणू नकोस, तो भाषण करतो. त्याच्या पोलिंग एजंटला आण, आणि त्या दिवशी त्याच्याजवळ असलेली यादी, जिच्यावर त्याने पेन्सिलने खुणा केल्या असतील, ती आहे तशी आण. चुरगळली असली तरी इस्त्री करू नकोस.

तुझा,
सर